ऑस्ट्रेलियातील कुटुंब न्यायालय आणि बालसंरक्षण : वादपद्धतीच्या सौम्यीकरणाचा इतिहास (१९७५–२०२४)

१

इंग्रजी न्यायपरंपरेत न्यायाधीशाचे स्थान दोन पक्षांच्या मध्यभागी आणि दोघांपासून सारख्याच अंतरावर कल्पिलेले आहे. वादीने आपली बाजू मांडावी, प्रतिवादीने तिचे खंडन करावे, उलटतपासणीच्या घर्षणातून सत्य बाहेर पडावे आणि न्यायाधीशाने समोर आलेल्या पुराव्यापुरताच निवाडा द्यावा, अशी ही व्यवस्था आहे. पुरावा शोधण्यासाठी न्यायाधीश स्वतः आसन सोडून खाली उतरत नाही. जमिनीची हद्द किंवा कर्जाची रक्कम ठरवावयाची असेल तेव्हा ही पद्धत सामान्यतः पुरेशी ठरते. कारण अशा दाव्यात ज्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात ते सर्व न्यायालयात उपस्थित असतात, आणि निकालानंतर त्यांनी एकमेकांचे तोंड न पाहिले तरी चालते.

मुलाच्या ताब्याच्या वादात ही दोन्ही गृहीतके कोसळतात. ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हावयाचा ते मूल पक्षकार नसते, आणि जे पक्षकार असतात त्या मातापित्यांना निकालानंतरही वर्षानुवर्षे एकमेकांशी व्यवहार करावा लागतो. त्यातच एका पालकाने दुसऱ्यावर मुलाचा छळ केल्याचा आरोप केला असेल, तर अडचण अधिकच बिकट होते. आरोप करणाऱ्याला तो सिद्ध करता आला नाही म्हणजे दिवाणी न्यायाच्या नियमाप्रमाणे तो नष्ट होतो. धोका मात्र नष्ट झालेला असतोच असे नाही. या अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न इंग्रजी परंपरेतील अनेक देशांनी केला. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या कुटुंब न्यायालयाचा प्रयत्न विशेष अभ्यसनीय आहे; कारण तेथे तो एका कायद्याने एकदाच झालेला नसून जवळजवळ अर्धशतकभर, चुका करीत आणि त्या दुरुस्त करीत, चाललेला आहे.

२

या इतिहासाचे एक मूळ ऑस्ट्रेलियाच्या संविधानात आहे. १९०१ साली अमलात आलेल्या त्या संविधानाच्या ५१ व्या कलमाने विवाह, घटस्फोट आणि त्या अनुषंगाने येणारे मुलांचे पालकत्व व ताबा हे विषय संघराज्याच्या संसदेकडे सोपविले. परंतु निराधार, उपेक्षित अथवा छळ झालेल्या मुलांचे संरक्षण हा विषय घटक राज्यांकडेच राहिला. परिणामी दोन स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाल्या. मातापित्यांचे परस्परांशी भांडण असेल तर ते संघराज्याच्या कायद्याखाली येई. शासनाने मूल घरातून हलविले असेल तर ते प्रकरण राज्याच्या बाल न्यायालयात जाई. पहिल्या यंत्रणेजवळ तपास करणारे कर्मचारी नव्हते, आणि दुसरीला मातापित्यांमधील ताब्याच्या वादात फारसा रस नव्हता. एकाच घरातील एकाच मुलाचा प्रश्न या दोहोंच्या मधल्या फटीत पडण्याची शक्यता मुळापासूनच होती. पुढील सर्व घडामोडींचा अर्थ ही फट लक्षात घेतल्याखेरीज लागत नाही.

१९६१ पासून अमलात असलेल्या वैवाहिक खटल्यांच्या कायद्यात घटस्फोटाची चौदा कारणे सांगितलेली होती, आणि त्यांतील बहुतेक जोडीदाराच्या दोषावर आधारलेली होती. व्यभिचार, क्रौर्य, परित्याग यांपैकी काही तरी सिद्ध केल्यावाचून विवाहविच्छेद मिळणे कठीण असे. साहजिकच मुलांचा प्रश्नही या दोषारोपांच्या धुराळ्यात निकाली निघे. महान्यायवादी लायोनेल मर्फी यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या १९७५ च्या कुटुंब कायद्याने ही चौकट मोडली. विवाहबंध पुन्हा जुळण्यापलीकडे तुटला आहे एवढे एकच कारण पुरेसे मानले गेले, आणि बारा महिन्यांचे विभक्त राहणे हा त्याचा पुरावा ठरला. ५ जानेवारी १९७६ रोजी नवे न्यायालय सुरू झाले व एलिझाबेथ एव्हट या त्याच्या पहिल्या मुख्य न्यायाधीश झाल्या.

या न्यायालयाची बाह्यरचना मुद्दाम वेगळी ठेवण्यात आली होती. न्यायाधीशांनी व वकिलांनी झगे घालू नयेत असे कायद्यातच नमूद होते. समुपदेशक हे न्यायालयाच्याच सेवेत नेमलेले होते, आणि मातापित्यांनी प्रथम त्यांच्याकडे जावे अशी अपेक्षा होती. तथापि समुपदेशन निष्फळ ठरून प्रकरण सुनावणीला आले, म्हणजे शपथपत्रे, साक्षीदार आणि उलटतपासणी हा जुनाच क्रम सुरू होई. पोशाख बदलला होता, पण कार्यपद्धतीचा गाभा बदललेला नव्हता. किंबहुना सुनावणीपूर्वी मातापित्यांची जी शपथपत्रे दाखल होत, त्यांत एकमेकांचे वाभाडे काढण्याची जुनी रीत तशीच चालू राहिली.

३

अनौपचारिकतेच्या या पहिल्या प्रयोगाला विलक्षण क्रूर धक्के बसले. जून १९८० मध्ये न्यायाधीश डेव्हिड ओपास यांची सिडनीतील राहत्या घरी गोळी घालून हत्या झाली. मार्च १९८४ मध्ये न्यायाधीश रिचर्ड गी यांच्या घरी बाँबस्फोट झाला, एप्रिलमध्ये पॅरामॅटा येथील न्यायालयाच्या इमारतीत झाला, आणि जुलैमध्ये न्यायाधीश रे वॉटसन यांच्या घरी झालेल्या स्फोटात त्यांच्या पत्नी पर्ल वॉटसन मृत्युमुखी पडल्या. या गुन्ह्यांचा छडा लागून आरोपी दोषी ठरण्यास २०२० साल उजाडावे लागले. हल्ल्यांच्या काळात मात्र असा एक मतप्रवाह बळावला की, न्यायालयाने आपले गांभीर्य सोडल्यामुळेच त्याचा धाक उरला नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झगे आणि केसांचे टोप परत आले.

या प्रसंगाचा इतिहासदृष्ट्या एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. अनौपचारिकता म्हणजे दुर्बलता, असे समीकरण लोकमतात रूढ झाले, आणि पुढे जवळजवळ पंधरा वर्षे कार्यपद्धतीच्या मूलभूत पुनर्रचनेचा विचार मागे पडला. पोशाखाविषयी जेवढा खल झाला, तेवढा मुलाविषयीची माहिती न्यायालयापर्यंत कशी पोहोचावी याविषयी झाला नाही.

४

दरम्यान तत्त्वाच्या पातळीवर एक महत्त्वाचे पाऊल उच्च न्यायालयाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, टाकले. १९८८ च्या डिसेंबरात निकालात निघालेल्या ‘एम विरुद्ध एम’ या प्रकरणात पित्याने आपल्या मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप होता. प्राथमिक न्यायाधीशांना अत्याचार झाल्याची खात्री पटली नाही. पण तो झालाच नाही अशीही खात्री पटली नाही, आणि त्यांनी पित्याला भेटीचा अधिकार नाकारला. हा निर्णय कायम करताना उच्च न्यायालयाने सांगितले की, ताबा व भेट यांच्या निर्णयात न्यायालयापुढील अंतिम प्रश्न आरोप सिद्ध झाला की नाही हा नसून मुलाचे हित कशात आहे हा असतो. भेटीमुळे मुलाला अस्वीकार्य धोका पोहोचत असेल, तर ती भेट देऊ नये.

या निर्णयाने सुनावणीचा केंद्रबिंदू हलला. गतकाळात काय घडले याचा न्याय करण्यापेक्षा भविष्यात काय घडू शकेल याचा अंदाज करणे, हे न्यायाधीशाचे काम ठरले. पण असा अंदाज केवळ दोन परस्परविरोधी शपथपत्रांवरून बांधता येत नाही. शाळेतील शिक्षक, दवाखान्यातील डॉक्टर, राज्याच्या बालकल्याण खात्यातील कर्मचारी यांच्याजवळची माहिती त्यासाठी आवश्यक असते. पक्षकारांनी ती आणली नाही तर न्यायालयाने काय करावे, याचे उत्तर जुन्या पद्धतीत नव्हते. तत्त्व आणि साधन यांतील हे अंतर १९८८ नंतरच्या सुधारणांचे खरे प्रेरक कारण होय.

हे अंतर भरून काढण्याचा पहिला उपाय म्हणजे मुलासाठी स्वतंत्र वकील. १९९४ च्या ‘के’ या बालकाच्या प्रकरणात कुटुंब न्यायालयाच्या पूर्णपीठाने असा वकील कोणत्या परिस्थितीत नेमावा याची मार्गदर्शक सूत्रे घालून दिली, आणि छळाचा आरोप असलेली प्रकरणे त्यांत समाविष्ट केली. परंतु वकील नेमणे म्हणजे माहिती मिळणे नव्हे. राज्याचे बालकल्याण खाते पुष्कळदा असे गृहीत धरी की, प्रकरण कुटुंब न्यायालयात गेले आहे, तेव्हा मुलाचे रक्षण ते न्यायालय करील. आणि न्यायालय असे गृहीत धरी की, धोका खरा असता तर खात्याने स्वतःच कारवाई केली असती. दोन पहारेकऱ्यांनी एकमेकांच्या भरवशावर झोपावे, तसा हा प्रकार होता.

५

ही वस्तुस्थिती उजेडात आणण्याचे श्रेय मोनॅश विद्यापीठातील थिया ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाकडे जाते. १९९० च्या दशकात त्यांनी न्यायालयाच्या दप्तरांचा बारकाईने अभ्यास केला. छळाचे आरोप असलेली प्रकरणे कुटुंब न्यायालयाच्या कामाच्या कडेला नसून गाभ्याशी आहेत. विशेषतः जी प्रकरणे तडजोडीने मिटत नाहीत व दीर्घकाळ रेंगाळतात, त्यांत त्यांचा भरणा मोठा आहे, असे त्यांना आढळून आले. घटस्फोटाच्या वेळी केले जाणारे आरोप बहुधा सूडबुद्धीचे असतात, या रूढ समजुतीलाही या अभ्यासात आधार मिळाला नाही.

या निष्कर्षांच्या पायावर १९९८ साली मेलबर्न व डँडेनाँग येथील शाखांत ‘मॅगेलन’ हा प्रयोग सुरू झाला. शंभर प्रकरणे त्यासाठी घेण्यात आली. लैंगिक अत्याचाराचा किंवा गंभीर शारीरिक छळाचा आरोप होताच प्रकरण वेगळ्या यादीत जाई; ठरावीक न्यायाधीशच ते आरंभापासून हाताळीत; राज्याच्या खात्याकडून प्रारंभीच अहवाल मागविला जाई; प्रत्येक मुलासाठी वकील नेमला जाई; आणि प्रत्येक टप्प्याला मुदत ठरलेली असे. प्रकरणे निकाली निघण्याचा काळ यामुळे जवळजवळ निम्म्यावर आला, आणि पूर्ण सुनावणीपर्यंत जाणाऱ्या प्रकरणांचे प्रमाण घटले. पुढील काही वर्षांत ही पद्धत इतर राज्यांतही नेण्यात आली.

मॅगेलनच्या यशाचे कारण नीट तपासून पाहिले पाहिजे. येथे मातापित्यांना तडजोडीचा उपदेश करण्यात आलेला नव्हता. खात्याचा अहवाल लवकर आला, त्यात काय आहे हे दोन्ही बाजूंना कळले, आणि त्यामुळे पुष्कळ वादांतील हवाच निघून गेली. आरोप निराधार असेल तर ते लवकर दिसले; साधार असेल तर आरोपित पालकाच्या वकिलालाही लढत राहण्यात अर्थ उरला नाही. वाद सौम्य झाला तो स्वतंत्र आणि विश्वसनीय माहितीमुळे.

६

याहून अधिक मूलगामी प्रयोग २००४ च्या मार्चमध्ये सिडनी व पॅरामॅटा येथे सुरू झाला. मुख्य न्यायाधीश अ‍ॅलेस्टर निकल्सन यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस आकाराला आलेली आणि डायना ब्रायंट यांच्या काळात विस्तार पावलेली ही मुलांच्या प्रकरणांची योजना युरोपीय देशांतील, विशेषतः जर्मनीतील, शोधप्रधान कार्यपद्धतीच्या अभ्यासावर आधारलेली होती. प्रारंभी दोन्ही पालकांची संमती असेल तरच प्रकरण या योजनेत घेतले जाई.

तिचे स्वरूप असे होते. पहिल्याच दिवशी दोन्ही पालकांना शपथ दिली जाई आणि न्यायाधीश वकिलांना बाजूस ठेवून त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलत. मूल कसे आहे, शाळेत काय चालले आहे, आपणांस कशाची भीती वाटते, असे प्रश्न विचारले जात. न्यायालयाचा कुटुंब-सल्लागार दालनातच बसलेला असे आणि मुलाच्या मानसिक गरजांविषयी उघडपणे मत देई. कोणता मुद्दा खरोखर वादग्रस्त आहे, कोणता साक्षीदार बोलवावा, कोणते शपथपत्र दाखल व्हावे, हे न्यायाधीश ठरवीत. पुराव्याच्या तांत्रिक नियमांनी एखादी गोष्ट बाहेर ठेवण्याऐवजी ती आत घेऊन तिला किती वजन द्यावे हे पाहिले जाई. सुनावणी एका दिवसात संपलीच पाहिजे असे नव्हते; ती मधे थांबवून, तात्पुरती व्यवस्था करून पाहून, पुन्हा त्याच न्यायाधीशापुढे सुरू होई. मानसशास्त्रज्ञ जेनिफर मॅकिन्टॉश यांनी केलेल्या लहानशा तुलनात्मक अभ्यासात या पद्धतीतून गेलेल्या पालकांचे परस्परसंबंध जुन्या पद्धतीतील पालकांच्या मानाने कमी बिघडलेले आढळले.

१ जुलै २००६ पासून या प्रयोगाला कायद्याचे रूप आले. कुटुंब कायद्यात नव्याने घातलेल्या प्रकरणात पाच तत्त्वे सांगितली गेली : कामकाजाचा मुलावर होणारा परिणाम लक्षात घ्यावा, न्यायालयाने कामकाजाचे नियंत्रण स्वतः करावे, कौटुंबिक हिंसा, छळ व उपेक्षा यांपासून संरक्षण व्हावे, पालकांमध्ये शक्य तेवढे सहकार्य वाढावे, आणि विलंब, औपचारिकता व तांत्रिकता कमीतकमी असावी. आता पालकांच्या संमतीची अट उरली नाही. पुराव्याचे अनेक नियम, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही तर, लागू होईनासे झाले. राज्यांच्या यंत्रणांकडून छळाविषयीची कागदपत्रे मागविण्याचा अधिकारही न्यायालयाला मिळाला. कागदावर तरी १९८८ च्या तत्त्वाला साजेसे साधन अठरा वर्षांनी हाती आले.

७

तथापि याच २००६ च्या कायद्यात भिन्न प्रेरणेच्या काही तरतुदी होत्या. पालकत्वाची जबाबदारी समान वाटून घेणे मुलाच्या हिताचे आहे असे गृहीत धरावे, आणि दुसऱ्या पालकाशी मुलाचे नाते जपण्याची तयारी कोणता पालक दाखवितो हे विचारात घ्यावे, असे त्यात म्हटले होते. जाणूनबुजून खोटे विधान करणाऱ्यावर खर्च लादण्याची तरतूदही होती. हिंसेचा व छळाचा आरोप असेल तर समान जबाबदारीचे गृहीतक लागू होऊ नये, असा अपवाद कायद्यात होता. परंतु आरोप करण्याचे धैर्यच या तरतुदींमुळे खचू लागले. २००९ साली ऑस्ट्रेलियातील कौटुंबिक अभ्यास संस्थेने केलेले मूल्यमापन आणि माजी न्यायाधीश रिचर्ड चिझम यांनी केलेले परीक्षण या दोहोंतून हेच दिसून आले. आपण हिंसेविषयी बोललो तर असहकारी ठरू, आणि सिद्ध करू शकलो नाही तर मूलच गमावून बसू, या भीतीने अनेक पालक गप्प राहत.

हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद क्षण होय. पालकांत सहकार्य वाढविणे आणि मुलाला धोक्यापासून वाचविणे ही दोन्ही तत्त्वे एकाच यादीत शेजारीशेजारी लिहिलेली होती. सामान्य कुटुंबात ती एकमेकांना पूरक असतात. हिंसा असलेल्या कुटुंबात मात्र ती परस्परविरोधी होतात. कारण तेथे ‘सहकार्य’ हे बलवानाच्या इच्छेला दुर्बलाने दिलेल्या संमतीचेच दुसरे नाव असू शकते. जुनी उलटतपासणी निष्ठुर होती हे खरे. पण निदान तिच्यात तक्रार बोलून दाखविण्यास जागा होती. सौम्य वातावरणात तक्रार करणे हेच सौम्यतेच्या विरुद्ध वर्तन वाटू लागले, तर त्या सौम्यतेची किंमत मूल मोजते.

जून २०१२ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने सहकार्याची तयारी पाहण्याविषयीची आणि खोट्या विधानाच्या खर्चाविषयीची अशा दोन्ही तरतुदी काढून टाकल्या, हिंसेची व्याख्या विस्तृत केली आणि मुलाच्या संरक्षणाला त्याच्या नात्यांहून अधिक वजन दिले. हिंसेचा आरोप असलेल्या पक्षकाराने स्वतः उभे राहून दुसऱ्या पक्षाची उलटतपासणी घेणे २०१८ च्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत बंद झाले. तेथे ती वकिलामार्फतच व्हावी असे ठरले. उलटतपासणी नाहीशी न करता तिची धार कोणावर चालेल यावर येथे नियंत्रण आणले गेले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

८

राहिला प्रश्न संविधानाने निर्माण केलेल्या फटीचा. मॅगेलनने ती खात्याशी केलेल्या कराराने बुजविली, २००६ च्या कायद्याने कागदपत्रे मागविण्याच्या अधिकाराने बुजविली. पण ती नाहीशी झाली नाही. शिवाय २००० नंतर संघराज्याचे दुसरे एक, कनिष्ठ पातळीवरचे न्यायालय मुलांची बहुसंख्य प्रकरणे चालवू लागले. तेथे कामाचा बोजा एवढा होता की, न्यायाधीशाने पालकांशी निवांतपणे बोलून, टप्प्याटप्प्याने सुनावणी करण्याची २००४ ची पद्धत पूर्णांशाने अनुसरणे शक्य झाले नाही. न्यायाधीशाने स्वतः शोध घ्यावा असे म्हणणे सोपे आहे. त्याला त्यासाठी वेळ आणि सल्लागार पुरविणे हा अंदाजपत्रकाचा प्रश्न ठरतो.

२०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या विधिसुधारणा आयोगाने या सर्व अनुभवावरून धाडसी शिफारस केली : कुटुंबविषयक वादांचे काम अखेरीस राज्यांच्या न्यायालयांकडे परत द्यावे, म्हणजे ताबा, बालसंरक्षण व कौटुंबिक हिंसा हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी सुटतील. ही शिफारस स्वीकारली गेली नाही. त्याऐवजी १ सप्टेंबर २०२१ रोजी संघराज्याची दोन न्यायालये एका छत्राखाली आणली गेली. प्रकरण दाखल होतानाच धोक्याची चाचणी करून गंभीर प्रकरणे वेगळी काढण्याची व्यवस्था याच सुमारास सुरू झाली, आणि त्या विशेष यादीला एलिझाबेथ एव्हट यांचे नाव देण्यात आले. २०२३ साली संमत होऊन ६ मे २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यांनी समान जबाबदारीचे गृहीतक रद्द केले, मुलाच्या वकिलाने सामान्यतः मुलाला प्रत्यक्ष भेटलेच पाहिजे असे बंधन घातले, आणि पोलीस व बालकल्याण खाते यांच्याकडून माहिती मिळविण्याची तरतूद अधिक विस्तृत केली.

९

या अर्धशतकाकडे कठोरतेकडून सौम्यतेकडे झालेली सरळ वाटचाल म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. १९७६ मध्ये झगे गेले, पण सुनावणीचा गाभा राहिला. १९९८ मध्ये गाभ्याला हात न लावता केवळ माहितीची वाट मोकळी केली गेली, आणि वाद आपोआप ओसरला. २००४ मध्ये न्यायाधीशाची भूमिकाच पालटली. २००६ मध्ये त्या पालटाशी सहकार्याचा आग्रह जोडला गेला, आणि त्याचे दुष्परिणाम निस्तरण्यात पुढची अठरा वर्षे गेली. न्यायाधीशाने अधिक विचारणे आणि पालकांनी कमी बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने मुलाचे संरक्षण वाढले, दुसरीने ते कमी झाले.

भारतीय वाचकाला या इतिहासातील काही खुणा ओळखीच्या वाटतील. आपल्या १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानेही तडजोडीचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले, वकिलाचा हक्क मर्यादित केला आणि पुराव्याचे नियम शिथिल केले. छळ झालेल्या मुलाच्या संरक्षणाचे काम मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालील बालकल्याण समितीकडे, म्हणजे वेगळ्या यंत्रणेकडे, आहे. फट येथेही आहे. ताब्याच्या दाव्यात आईने किंवा वडिलांनी केलेला आरोप न्यायालयाकडून समितीकडे आणि समितीची माहिती न्यायालयाकडे किती तत्परतेने जाते, ही केवळ व्यवस्थापनाची बाब नाही. ऑस्ट्रेलियातील अनुभव सांगतो की, मुलाचे रक्षण बहुधा तेथेच ठरते. दालनातील आवाज किती खाली आणले, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.